दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं

२ नोव्हेंबर, रविवार. सातारा

आज वीरधवल घरी आला होता. साताऱ्यात महिन्यातून एकदा जुन्या रेकॉर्डी ऐकायला जी मुलं जमतात, त्यांचा हा म्होरक्या. असेल पंचविशीचा. दार वरदने उघडलं. मुलाच्या टी-शर्टवर तोंड उघडं असलेल्या लहान पोराचं चित्र, आणि खाली अक्षरं: 'आई, ऐकतेस ना'. वरद दारातच उभा राहिला. शेवटी मीच आतून म्हटलं, अरे, त्याला आत तर घे.

"सर, तुम्हीच ना तो आवाज?" वीरधवल बूट काढता काढताच म्हणाला. "एक फोटो घेऊ?"

"सुरूरला म्हैस अडलीय," वरद म्हणाला, आणि आपली बॅग घेऊन निघून गेला. चहाही घेतला नाही. जनावरांच्या डॉक्टरशी लग्न केलं की चहा असाच निवतो. तरी मला जरा ओशाळल्यासारखं झालं.

वीरधवलचं काम असं. माझ्या सासऱ्यांची जुनी रेकॉर्ड, 'बुडीत', जानेवारीत पुन्हा छापून येतेय. त्याआधी या मुलांना तिच्यावर अभिरूप न्यायालय भरवायचंय. आमच्या कॉलेजात गॅदरिंगला व्हायचं तसंच खोटं कोर्ट. पिंजरा, टोप घातलेला न्यायाधीश, दोन्ही बाजूंचे वकील. आरोपी सासरे. आरोप असा, की एका सामान्य रेकॉर्डीची उगाच कीर्ती झाली आणि ती चाळीस वर्षं फुकट टिकली. बचावाचा वकील वीरधवल. फिर्यादीची वकील मी.

"सून विरुद्ध सासरा. हॉल फुटेल, मॅडम," तो म्हणाला. मग हळूच म्हणाला, की माझं भाषण नव्या रेकॉर्डीबरोबरच्या पुस्तिकेत लेख म्हणून छापायचंय. ती परदेशातही जाणार आहे.

माझे दोन कथासंग्रह पलंगाखालच्या खोक्यात आहेत. मी लगेच हो म्हटलं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

जेवताना वरदला सांगितलं. तो भाकरी मोडत राहिला.

"बाबा तयार आहेत?"

"उड्या मारतायत. म्हणाले, सूनबाई, मला फाशीच दे."

तो हसला. मग पाणी प्यायला आणि म्हणाला, "एक करशील? दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं सोडून दे. ते लावूही नका. बाकी काय झोडायचं ते झोड."

एकवीस वर्षांत याने माझ्याकडे काही मागितल्याचं आठवत नाही. मी म्हटलं, लावणार नाही. त्याने माझ्या ताटात वांग्याची फोड वाढली. एवढंच झालं, पण दिवसभर बरं वाटत राहिलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

वरद कामावर गेल्यावर रेकॉर्ड ऐकते. तो असताना या घरात ती कधी लागली नाही. मला वाटायचं, त्याला गाण्याचा कानच नाही.

भाषणाची तयारी म्हणून आधी स्वतःलाच नीट सांगून बघते. धरणाखाली जाणाऱ्या एका गावाची गोष्ट, दोन्ही बाजू मिळून एकच. पहिल्या बाजूला गाव, दुसऱ्या बाजूला पाणी. १९८३ मध्ये सांगलीच्या चार तरुणांनी मराठीत असं काही करायचं ठरवलं, ही हिंमत मान्य. पण हिंमतीचे गुण किती द्यायचे? पहिली बाजू आज ऐकवत नाही. बुडणाऱ्या या गावात कुणाला पेरणीची घाई नाही, कुणाचं भांडण नाही. सगळे विचारवंत. पाटीलसुद्धा पुणेरी बोलतो. चौथं गाणं कॉलेजातल्या प्रेमाचं, ते गावात कुठून आलं? आरंभ एवढा लांब की गाव बुडायच्या आधी ऐकणारा झोपतो. बाबांची गिटार सुरेल आहे, पण तिला थांबणं माहीत नाही. या रेकॉर्डीचं जे कौतुक होतं ते बरंचसं 'पहिली' असण्याचं आहे. आणि तिच्या फार थोड्या प्रती निघाल्या, म्हणून न ऐकताही तिला थोर म्हणता आलं.

इथपर्यंत मी खटला जिंकते. मग दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं येतं.

वाद्यं एकेक करून बंद होतात. पाणी पडल्याचा आवाज. आणि लांबून, एखाद्या पोकळीतून यावा तसा लहान मुलाचा आवाज: आई. मग: आई, ऐकतेस ना. असं बराच वेळ. शेवटी शब्दही राहत नाहीत. वरदचा आवाज आहे तो, सहा वर्षांचा असतानाचा. रेकॉर्डीच्या पाठीवर छापलंय, 'बालस्वर: चि. वरद'.

तो आवाज आला की माझे मुद्दे गळून पडतात. आता इंटरनेटवर ऐकून जगभरची मुलं या रेकॉर्डीला डोक्यावर घेतात ती त्या हाकेसाठी. ती सोडून बोलणं म्हणजे मारुतीला वगळून मारुतीच्या देवळाबद्दल बोलणं.

पण शब्द दिलाय.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

वरदबद्दल लिहावंसं वाटतंय. तो न्हाणीची कडी लावत नाही. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात सासूबाईंनीच सांगितलं होतं, त्याची सवयच आहे, तू आपली बाहेर लक्ष ठेव. लिफ्टने जात नाही, जिन्याने जातो. म्हणून गुडघे ठणठणीत आहेत. गेल्या वर्षी कराडला पुलावर पाणी चढलं, तेव्हा गाडी थांबवून तो रस्त्याकडेला ओकला. मी म्हटलं, घाटातलं तेलकट खाल्लंस, त्याचं हे.

सकाळी फोन वाजला. समोरचा माणूस एवढ्या मोठ्याने बोलत होता की मला स्वयंपाकघरात ऐकू येत होतं. "डाक्टर, म्हस लय फुगलीया. कवा येताय?"

"आलोच. तोवर तिला एकटी सोडू नका. कुणीतरी जवळ बसा. बोलत राहा तिच्याशी."

"म्हशीशी काय बोलू वो?"

"काहीही बोला. तुमचा आवाज आला पाहिजे तिला."

किती हळवा माणूस. यावर कधीतरी कथा लिहायला हवी.

१६ नोव्हेंबर, रविवार. सांगली

सासरी आलेय. वरद आला नाही. बाबा शहात्तराचे झाले, पण खटल्यामुळे दहा वर्षांनी लहान दिसतात. केस काळे करून घेतलेत. दुपारी गिटार काढून बसले आणि मला म्हणाले, "ज्ञानदा, माझ्या पाटलाला पुणेरी म्हणतेस असं वीरधवलकडून कळलं. अगं, मी पाटील बघितलाय कुठं? आमच्या घरात तबला आणि पोथी."

"मग गावावर कशाला लिहिलंत?"

"दुःख मोठं होतं. हाताला लागलं."

मला हसू आलं. एवढं खरं बोलणारा आरोपी मिळणं अवघड.

संध्याकाळी बाबा फिरायला गेले. सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या, मीही बसले. सहज विचारलं, आई, वरदकडून तेवढं करून कसं घेतलं हो? सहा वर्षांचं पोर.

"करून कुठलं घेतोय," त्या म्हणाल्या. "त्याला जमेचना. आई म्हण म्हटलं की हसायचा. मग ह्यांनी युक्ती केली. विश्रामबागेत एक बिल्डिंग बांधत होते, तिची पाण्याची टाकी रिकामी. आवाज छान घुमायचा त्यात. त्याला आत उतरवला. म्हणाले, लपाछपी खेळू. आणि वरून झाकण लावलं."

"आणि पाण्याचा आवाज?"

"कॉक मी धरला होता. अगं, घोट्याएवढंच पाणी, जास्त नाही. त्याला अंधारात काय कळणार म्हणा." त्यांनी एक शेंग दाताने उघडली. "हाका मारायला लागला. मला हो म्हणावंसं वाटलं गं. पण ह्यांनी ओठांवर बोट ठेवलं. टेप चालू होती ना. माझा आवाज आला असता तर सगळं फुकट."

"किती वेळ?"

"ते म्हणाले बास, तोवर. एकदाच घेतलं, दुसऱ्यांदा घ्यावं लागलं नाही." यात थोडं कौतुकही होतं. "मग ताप आला. उतरला. ह्यांनी तीन चाकी सायकल आणून दिली. त्याला काही आठवत नाही बघ, कधी बोललाच नाही."

मी मटार तसेच टाकून उठले. गच्चीवर जाऊन रडले.

१७ नोव्हेंबर, सोमवार. सातारा

एसटीत डोळ्याला पदर लावूनच बसले होते. शेजारच्या बाईने विचारलं, मयताला चाललाय का.

मला सगळं कळल्यासारखं वाटतंय. एवढी वर्षं एक मूल माझ्या शेजारी झोपतंय आणि त्याच्या हाकेला अजून कुणी ओ दिलेली नाही. मी देणार आहे. माझ्याकडे आता खरा आरोप आहे. प्रश्न गाणं चांगलं की वाईट हा नाहीच. प्रश्न असा, की एका मुलाच्या भीतीवर उभी राहिलेली कीर्ती रास्त म्हणायची का. भर सभेत, बाबांच्या तोंडावर हे विचारायचं, आणि वरदला ते ऐकू जाऊ द्यायचं.

त्याला आधी सांगावं का? सांगितलं तर तो नको म्हणेल. जखम झालेला माणूस नकोच म्हणतो. शिवाय मी शब्द दिला तो गाणं लावायचं नाही असा. त्याविषयी बोलायचं नाही, असा दिलेला नाही.

दुपारी सलग चार पानं लिहिली. इतकं चांगलं मी कितीतरी वर्षांत लिहिलं नव्हतं. मधेच भीती वाटली, की यातलं किती वरदसाठी आहे आणि किती पुस्तिकेसाठी. तपासून पाहिलं. मला वाटतं, वरदसाठीच जास्त आहे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

वरद म्हणाला, मी येतोय रविवारी. मला धस्स झालं आणि आनंदही झाला.

"तुला आवडणार नाही कदाचित."

"बायको वकील झालेली कधी बघायला मिळणार? ते गाणं तर तुम्ही लावणार नाहीच." त्याने कोर्टातल्या ओळखीच्या वकिलाकडून काळा डगला आणि पांढरी पट्टी आणली होती. पट्टी स्वतः इस्त्री केली. माझ्या गळ्याला बांधून बघितली, आणि म्हणाला, शोभतेस.

तेव्हा सांगायला हवं होतं का? त्याचा चेहरा इतका प्रसन्न होता.

२४ नोव्हेंबर, सोमवार

कालचं आज लिहिते.

हॉल भरला होता. मुलं भिंतींना टेकून उभी, निम्म्यांच्या अंगात ते टी-शर्ट. पडद्यामागे पिंजरा होता, नाटक कंपनीकडून आणलेला. शेजारच्या टेबलावर तबक, तबकात शाल, नारळ, आणि निकालाचं कार्ड लिहून तयार: 'सबब आरोपी निर्दोष'. अभिरूप न्यायालयात आरोपी सुटतोच, कारण शेवटी त्याचा सत्कार करायचा असतो. हे मला ठाऊक होतं. तरी वाटलं, आज जमणार नाही यांना.

बचावाने आधी आकारामकाकांना उभं केलं. हे बँडमधले ढोल-ड्रमवाले, उंब्रजचे. शेतात ऊस, दोन मुलगे फौजेत. बाबा आत होते त्या पिंजऱ्याला बाहेरून धरून उभे राहिले.

"ही संगीतातली क्रांती होती का?" वीरधवलने विचारलं.

"आवं, क्रांती माझ्या धाकट्या सुनंचं नाव हाय," काका म्हणाले. "आमाला एवढंच ठाव हुतं, जोरात वाजवायचं. ह्यो नारायण म्हनला थांब, की थांबायचं. थांब लय कमी म्हनायचा."

हॉल लोळायला लागला. न्यायाधीशांनी हातोडा आपटला. बाबाही पिंजऱ्यात डोळे पुसत हसत होते.

मग मी उठले. पाटलाची भाषा, चौथं गाणं, लांबलेला आरंभ, सगळ्याला हशा आला, टाळ्या आल्या. आणि मग मी आवाज खाली आणला. टाकी सांगितली. झाकण सांगितलं. कॉक कुणी धरला होता तेही सांगितलं. सासूबाई पहिल्या रांगेत होत्या, त्यांनी पर्स मांडीवर घट्ट धरली. शेवटच्या रांगेत वरद बसला होता. त्याच्याकडे मी बघितलं नाही. बघितलं असतं तर बोलता आलं नसतं.

"आरोपीला हे मान्य आहे?" न्यायाधीशांनी विचारलं.

 बाबांनी हात जोडले. "मान्य आहे, माय लॉर्ड. गाव बुडवलं तेव्हा पोरगंही थोडं बुडवलं. घोट्यापर्यंत."

कुणीतरी फसकन हसलं. मग सगळेच. सुटका झाल्यासारखे हसले. वीरधवल तेवढ्यात उठला, "पुरावा ऐकल्याशिवाय न्याय कसा होईल?" आणि त्याने खूण केली. सुई त्या गाण्यावर ठेवली गेली.

मी हरकत घेऊ शकले असते. फिर्यादी पक्षाला तो हक्क असतो. पण खरं लिहायचं तर मलाही ऐकायचं होतं, आता सगळं माहीत असताना, भरल्या हॉलमध्ये.

कुणी हललं नाही. दोन मुली रडत होत्या. संपल्यावर टाळ्याही नाहीत.

तेव्हा मी वरदला साक्षीला बोलावलं. हे ठरवलेलं नव्हतं. वाटलं, आता त्याने एक वाक्य बोलावं आणि हे संपावं. तो शेवटच्या रांगेतून चालत आला. माझ्या समोर उभा राहिला. डगल्याची एक बाजू माझ्या खांद्यावरून सरकली होती, ती त्याने नीट केली.

"साक्षीदाराने सांगावं," मी म्हटलं. "त्या टाकीत तुम्हाला भीती वाटली होती का?"

त्याने आईकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"नाही," तो म्हणाला. "मजा आली. लपाछपी होती."

"साक्षीदार फितूर," वीरधवल ओरडला, आणि हॉल कोसळला. सासूबाई रुमालात रडत होत्या आणि हसतही होत्या. मी एकटी तिथं डगला घालून उभी. माझ्याच नवऱ्याने मला खोटी पाडली होती.

निकाल कार्डावरून वाचला गेला. निर्दोष. शाल, नारळ. मग न्यायाधीशांनी, रिवाजाप्रमाणे, गमतीची शिक्षा दिली: बापलेकांनी मिळून ते गाणं आत्ता इथं म्हणावं.

बाबांना गिटार दिली गेली. वरदच्या हातात माइक. त्याने तो धरला. बाबांनी वाजवायला सुरुवात केली, छान वाजवत होते, यावेळी थांबत थांबत. हाकेची जागा आली. वरदने तोंड उघडलं. आवाज आला नाही. बाबांनी तीच जागा पुन्हा घेतली. त्याने पुन्हा तोंड उघडलं.

आणि मग मुलांनी ते उचललं. आधी भिंतीजवळची, मग सगळी. त्यांना पाठच होतं, कुठं श्वास अडकतो, कुठं शब्द तुटतो, अगदी तसं. दोनशे मुलं सुरात: आई, ऐकतेस ना. वरद मध्ये उभा, माइक धरून, तोंड अजून उघडंच. कुणीतरी टी-शर्टवरचं चित्र वर करून त्याच्या शेजारी धरलं आणि फोटो काढले.

माझ्या अंगावर काटा आला. इतकं सुंदर काही मी साताऱ्यात ऐकलेलं नाही.

बाहेर आकारामकाका वरदपाशी आले. "पोरा, मी तवा झाकन उचलाय गेल्तो रं. तुज्या बानं हात धरला. मग मीबी ऱ्हायलो."

"काका, जेवून जा," वरद म्हणाला.

२९ नोव्हेंबर, शनिवार

वरद बोलत नाही असं नाही. गॅस आला का, दूधवाल्याला किती द्यायचे, बोलतो. मीच शेवटी विषय काढला. म्हटलं, सगळ्यांसमोर मला तोंडघशी पाडलंस. मी तुझ्या बाजूने उभी होते.

"माहीत आहे," तो म्हणाला.

"मग खरं का नाही बोललास?"

"आई समोर होती."

"आणि मी?"

तो बुटाची नाडी बांधत होता. "तुला एकच गोष्ट सांगितली होती, ज्ञानदा."

मी म्हटलं, गाणं मी लावलं नाही, वीरधवलने लावलं. त्यावर त्याने मान हलवली. मला वाटतं, पटलं त्याला.

५ डिसेंबर, शुक्रवार

वरदने आटपाडीला बदली मागून घेतलीय. मला त्याच्या ऑफिसातल्या माणसाकडून कळलं. विचारलं तर म्हणाला, "तिकडं मेंढरं आहेत. म्हसवडच्या यात्रेची जनावरंही येतात. माणूस कमी पडतोय." मी येऊ का, म्हटलं. म्हणाला, तुझं लिहायचं चाललंय, इथंच बरं. त्याने एकच बॅग नेली. पन्नाशीकडे पुरुषांचं असं काहीतरी होतंच, असं मैत्रीण म्हणते.

१४ डिसेंबर, रविवार

लेख पूर्ण केला. पुस्तिकेसाठी तो फिर्यादीचा ठेवायचा की कसा, यावर फार विचार केला. अखेर प्रामाणिक राहायचं ठरवलं. टाकी ठेवली. ती काढली तर लेखात काही उरत नाही, असं वीरधवलही म्हणाला. बाबांनी फोनवर ऐकला आणि म्हणाले, आता समजलं तुला माझं गाणं.

शेवटचा परिच्छेद लिहिण्याआधी पुन्हा एकदा ऐकावं म्हटलं. घरात कुणीच नाही, तेव्हा आवाज मोठा केला. पहिली बाजू अजून तशीच कंटाळवाणी आहे. पण ती हाक. हाकेनंतर काही क्षण काहीच वाजत नाही, आणि पूर्वी मला वाटायचं, तिथं निदान एखादा सूर हवा होता. आता वाटतं, नको. उत्तर येत नाही, हेच बरोबर आहे. त्यासाठी बाकीच्या सगळ्या गाण्यांना माफ करता येतं. लिहून टाकलं: ही कीर्ती रास्त आहे.

हाक चालू असतानाच फोन वाजायला लागला. वरदचा होता. गेल्यापासून पहिल्यांदाच. उचलणार होते, पण शेवट जवळ आला होता, आणि मधे तोडलं असतं तर परत पहिल्यापासून ऐकावं लागलं असतं. वाजून वाजून थांबला. परत वाजला. सुई वर उचलून मग मी फोन लावला, तर त्याने उचलला नाही.

तिकडं रेंज नसेल.